शिट्टीवरचा दगड

बॉयलर पूर्ण गार असतानाही त्याच्या वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा शून्यावर येत नव्हता. शून्य आणि पहिली रेघ यांच्यामध्ये, रेघेला थोडा जवळ, असा तो थांबलेला असे. सपनाने काचेवर नखाने टिचकी मारली. काटा थरथरला आणि पुन्हा तिथेच येऊन थांबला. टाकीच्या पत्र्यावरून दव ओघळत होतं. भट्टी रात्रभर विझलेली होती. आत वाफ असण्याचं काही कारण नव्हतं.

"काय बघून राहिली?" तिचा नवरा प्रेमानंद पाण्याची नळी ओढत मागून आला.

"घड्याळ चुकतंय हे."

"किती?"

"तेच कळत नाही. गार असताना एवढं, तर तापल्यावर किती, ते सांगता येणार नाही."

"मंग आपल्या घरातलं तरी कुठं बराबर चालतंय." तो हसला आणि नळी टाकीत सोडून खाली बसला. "मालकाला सांगतो. वसमतला गेले की नवं आणतील."

मालक म्हणजे विजयकुमार. गावात हळद पूर्वीपासून कढईत शिजायची, आणि शिजवणाऱ्यांत प्रेमानंदच्या वडिलांचं, ग्यानोबाचं नाव आधी निघायचं. त्या साली, दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत, विजयकुमारने वाफेचा बॉयलर आणला. चाकांच्या गाड्यावर एक आडवी टाकी, तिच्याखाली भट्टी, शेजारी कच्ची हळद भरायचे ड्रम. टाकीत पाणी उकळायचं आणि वाफ नळ्यांतून ड्रममध्ये सोडायची. प्रेमानंद वाफेच्या चाव्या सांभाळायचा, ग्यानोबा भट्टी. सपनाची सासू कमलबाई बायकांच्या टोळीबरोबर ड्रम भरायची आणि रिकामे करायची. सपना वसमतच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली होती. नोकरी लागली नव्हती. तिचा वर्ग बॉयलरच्या पाठीला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा.

हळदीच्या दिवसांत शाळा अर्धी रिकामी होते. लेकरं आयांच्या मागे शेतावर येतात, आणि बसून राहिलेलं लेकरू कोणाच्या तरी डोळ्यात खुपतं. मग त्याच्या डोक्यावर टोपलं येतं. टोळीतल्या निर्मलाबाईची कोमल सातवीत होती. एप्रिलमध्ये मुलींच्या निवासी शाळेची परीक्षा होती आणि तिच्यात इंग्रजीचा पेपर. काढणी सुरू झाली तशी निर्मलाबाई सपनाकडे आली. मनगटापर्यंत पिवळे झालेले हात तिने पदराखाली घेतले होते.

"म्याडम, पोरीला चार अक्षरं सांगा. न्हाई तर माझ्यावानीच पिवळी होऊन बसंल."

कोमल आली, तिच्याबरोबर खेमा आला, मग बाकीची आली. जागेसाठी सपना विजयकुमारकडे गेली. तो मोटारसायकलवर बसूनच बोलला.

"शेड घ्या. ठिबकच्या नळ्या बाजूला सारा. पण लेकरं वाळवणावर न्हाई दिसली पाहिजेत. हळदीवर एक पाय पडला की वर्ग बंद."

सकाळी थंडी असायची. शेडचा मागचा पत्रा बॉयलरमुळे ऊन व्हायचा आणि लेकरं त्याला पाठ लावून ओळीने बसायची. सपना बाजूच्या पत्र्यावर कोळशाने लिहायची.

त्या सकाळी तिने तीन टोपली मांडली होती. एकावर लिहिलं एल-ई, दुसऱ्यावर ई-एल, तिसऱ्यावर ए-एल. मध्ये वाळलेल्या हळकुंडांचा ढीग.

"मी शब्द सांगते. तुम्ही एक हळकुंड उचलायचं आणि बराबर टोपल्यात टाकायचं. सायकल."

"कानाला तर सगळे एकच येऊन राहिले," कोमल म्हणाली.

"एकच येतात. म्हणून कानावर जायचं नाही. शब्द डोळ्यांनी पाहून ठेवायचा. सायकल, बॉटल, हँडल, टेबल. हे एल-ई. हॉटेल, टॉवेल, डिझेल. हे ई-एल."

"काहून पण?"

सपना थांबली. तिला नियम आवडायचे. इथे नियम नव्हता. "कारण नाही. पुस्तकात जसं आहे तसं आहे. मेटल?"

एका पोरीने हळकुंड एल-ईत टाकलं. कोमलने ते काढून ए-एलमध्ये टाकलं.

"बराबर. मेटल, पेडल, सिग्नल, हॉस्पिटल. आता तुम्ही सांगा. शेवटी असाच आवाज येणारा शब्द."

"चप्पल," खेमा म्हणाला.

सगळी हसली. पत्र्याला टेकलेल्या पाठी हलल्या आणि पत्रा वाजला.

"हसता काहून? ह्याच्या पायात बी न्हाई आणि इंग्रजीत बी न्हाई," कोमल म्हणाली, तशी पुन्हा हसली. खेमाने पाय मांडीखाली घेतले.

तेवढ्यात पत्र्यापलीकडे शिट्टी सुटली. टाकीच्या माथ्यावर एक आडवा दांडा होता, त्याच्याखालून वाफ जोरात बाहेर पडायची. घरातल्या कुकरवरून सगळे त्याला शिट्टीच म्हणायचे. शेडमध्ये बोललेलं ऐकू येईना. सपना हात बांधून उभी राहिली. वाफ पत्र्यावरून वाहत गेली आणि शेवग्याच्या फांद्यांत विरली.

पलीकडून ग्यानोबाचा आवाज आला. "गेली. सगळी गेली. एवढ्या पऱ्हाट्या जाळल्या त्या कशापायी?"

शिट्टी कधी वाजायची ते सपनाने पाहून ठेवलं होतं. ड्रम भरलेले असले की वाफ त्यांत जायची. ड्रम रिकामे करायला घेतले की प्रेमानंद चाव्या बंद करायचा, आणि तेवढा वेळ वाफेला वाट नसायची. खाली भट्टी चालूच. मग दांडा उचलला जायचा. यंत्राने जे करायला हवं तेच ते करत होतं.

ग्यानोबाला ते नुकसान वाटायचं. कढईच्या काळात त्याच्या हाताखाली शिकलेल्यांना पहिली गोष्ट कळायची ती म्हणजे वाफ बाहेर जाऊ द्यायची नाही. हळदीवर पाल्याचा थर, त्यावर ओलं बारदान, कडेने चिखलाचं लिंपण, आणि वर झाकणावर दगड. कुठून वाफेची रेघ दिसली की तो धावत जाऊन चिखलाचा गोळा दाबायचा. वाफ गेलेल्या कढईतली हळद आत कच्ची राहायची, वाळल्यावर सुरकुतायची, मोडली की पिवळ्याऐवजी राखेसारखी दिसायची. ग्यानोबाच्या कढईतून तशी हळद कधी निघाली नव्हती. त्याच्या दोन्ही कोपरांवर जुने भाजल्याचे चट्टे होते आणि त्यांवर केस उगवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी वर्ग चालू असताना शिट्टी वाजली नाही.

सपनाला ते उशिरा लक्षात आलं. ड्रमची झाकणं उघडल्याचा आवाज आला, बायकांचं बोलणं आलं, शिजलेल्या हळदीचा उग्र वास शेडमध्ये भरला. म्हणजे चाव्या बंद होत्या. ती बाहेर आली. टाकीच्या माथ्यावर, शिट्टीच्या दांड्याला, तारेने एक काळा दगड बांधला होता. मोडक्या जात्याचा तुकडा होता तो. त्याच्या एका बाजूला छिन्नीच्या खुणा दिसत होत्या.

"मामा, हे कुणी बांधलं?"

"म्या." ग्यानोबा भट्टीत कापसाच्या पऱ्हाट्या सारत होता. "आता बघ, पुढचा ड्रम किती बिगीनं शिजतो. साठवलेली वाफ हाय."

"ती शिट्टी वाफ जास्त झाली की सोडायला असते."

"कुकरची बी असती. तुझी सासू कुकरवर वाटी पालथी घालतीच की." तो हसला. दात थोडेच उरले होते. "कढईवर दगड ठेवून जिंदगी गेली पोरी. वाफंला आमी वळखतो."

पुढचा ड्रम खरोखरच लवकर शिजला. ग्यानोबाने तुराटीची काडी हळकुंडात खुपसली. ती लोण्यात जावी तशी गेली. विजयकुमारने हळकुंड मोडून आतला रंग पाहिला आणि म्हणाला, "ग्यानोबा, तू इंजिनेर हायेस रे." ग्यानोबा त्याच्या बापाच्या वयाचा होता. तरी तो लाजून हसला आणि तोंडावरचा घाम खांद्यावरच्या टॉवेलने पुसला.

संध्याकाळी चुलीपुढे सपनाने सासूला विचारून पाहिलं. कमलबाई भाकरी थापत होती. हळदीमुळे भाकरीच्या पिठालाही पिवळी झाक यायची.

"आत्या, मामांना तेवढा दगड काढायला सांगा ना."

"मी?"

"तुमचं ऐकतील."

"तुझ्या सासऱ्याला कामात न्हाई म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचं हाय." कमलबाईने भाकरी तव्यावर टाकली. "आन तू बी इहिरीच्या वक्ताला असंच म्हणली होतीस."

लग्न होऊन आल्याच्या पहिल्या पावसाळ्यात सपनाने विहिरीच्या कडेला पडलेली भेग पाहिली होती आणि कड ढासळेल म्हणून घरच्यांना मोटार हलवायला लावली होती. दोन दिवस माणसं त्या कामात गुंतली. विहीर ढासळली नाही. तेव्हापासून गाव तिला बीएस्सीची विहीर म्हणायचं. निर्मलाबाईसुद्धा एकदा हसत म्हणाली होती, म्याडम, तुमच्या इहिरीवरून पाणी आणू का?

"भेग आहे अजून," सपना म्हणाली.

"व्हय. आन इहीर बी हाय अजून." कमलबाई भाकरी उलटत म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

प्रेमानंदला मात्र तिने सरळ सांगितलं. तो अंगणात पायांवर पाणी ओतत होता. टाचांच्या भेगांत राख बसली होती, ती निघत नव्हती.

"घड्याळ खोटं आहे आणि शिट्टी बांधलेली आहे. आत किती दाब आहे ते सांगणारं आता काहीच उरलं नाही. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

"बाबा बांधून राहिले, मी रोज सोडू काय? टोळीपुढं?" त्याने तांब्या खाली ठेवला. "मालक बाहेरून माणूस आणायला बसलाच हाय. वाफ कमी पडली म्हणला की दुसऱ्या दिवशी आमी दोघं बी वाळवणावर."

"सोडून देऊ हे काम."

"आज?"

"आज नाही तर उद्या."

"एवढी काढणी होऊ दे. पुढच्या साली बघू." तो उठला. "तू वर्ग जरा पलीकडं घे."

सपना भांडी घ्यायला वळली. तिलाही कोमलची परीक्षा होईपर्यंत शेड हवी होती. हे तिने त्याला सांगितलं नाही, पण भांडी घासताना तेच तिच्या मनात होतं.

मार्च लागला आणि आभाळ येऊ लागलं. दुपारी पश्चिमेला करडे ढग साचायचे, वारा पडायचा, वाळवणावरच्या हळदीवर ऊन येईना. अर्धवट वाळलेल्या हळदीवर पाऊस पडला तर ती काळी पडते. विजयकुमार दिवसातून कितीदा तरी शेतावर यायचा आणि मोबाइल कानाला लावून आभाळाकडे बघत उभा राहायचा.

"ग्यानोबा, हात उचल. रानातली सगळी बाहेर निघाली हाय."

ग्यानोबाने पहिल्या दगडाशेजारी दुसरा बांधला. जात्याचाच दुसरा तुकडा होता तो. टाकीच्या पुढच्या तोंडावर, बोल्ट लावलेल्या झाकणाच्या कडेने, वाफेची बारीक रेघ यायला लागली होती. त्याने चिखलात राख कालवली आणि तिथे लिंपण केलं. लिंपण सुकून तडकायचं, तो पुन्हा ओलं करायचा. तो दिवसभर त्या टाकीभोवती फिरायचा, आजारी म्हशीभोवती फिरावं तसा.

एका दुपारी निर्मलाबाई ड्रममधली हळद ओढून काढत होती. चावी पूर्ण बंद झालेली नव्हती. नळीच्या सांध्यातून वाफ सुटली आणि तिच्या पोटरीवरून गेली. ती ओरडली नाही. तिने फक्त पाय वर घेतला आणि एका पायावर उभी राहिली. कातडी आधी पांढरी दिसली, मग लाल, मग तिच्यावर पाण्याचा फोड उभा राहिला. कमलबाईने शिजलेल्या हळदीचा लगदा तिथे लावला.

"थंड पाणी घाला आधी," सपना म्हणाली. तिने लगदा धुऊन काढला आणि माठातलं पाणी निर्मलाबाईच्या पायावर ओतत राहिली. विजयकुमार बघत होता.

"घरी जायचं का, निर्मलाबाई?"

"न्हाई मालक. एवढं काय झालं न्हाई." ती पुन्हा टोपल्याशी गेली. कोमल शेडच्या दारातून सगळं पाहत होती. तिच्या हातात कोळसा होता.

दुसऱ्या सकाळी सपनाने वर्ग शेडमधून काढला आणि वाळवणाच्या पलीकडे, बांधावरच्या कडुलिंबाखाली नेला. बॉयलरपासून ती जागा लांब, कालव्याच्या भरावाजवळ होती. लेकरांना वाटेत वाळवणाच्या कडेने जावं लागलं. सपना पुढे चालली आणि सगळ्यांना एकामागे एक, तिच्या पावलावर पाऊल ठेवून यायला सांगितलं. तरी धाकट्यांपैकी कोणाचा तरी पाय घसरला आणि हळदीच्या कडेला पडला.

विजयकुमार तिथेच होता.

"म्याडम, काय ठरलं होतं?"

"शेडमध्ये गरम होतंय."

"थंडीत तर लेकरं पाठी शेकून राहिली होती."

"बॉयलरजवळ बसवायची नाहीत मला."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग हसला. "आता बॉयलर बी पडणार का तुमच्या इहिरीवानी?"

ड्रमजवळच्या बायका हसल्या. कमलबाई हसली नाही, पण तिने वरही पाहिलं नाही. ग्यानोबा पऱ्हाट्यांची मोळी खांद्यावर घेऊन मध्येच थांबला होता. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की ही थट्टा त्याच्याच भट्टीवर आली आहे आणि ती त्याच्या सुनेमुळे आली आहे.

"पोरी, घे लेकरं आत," तो हळू म्हणाला. "काहून तमाशा?"

निर्मलाबाई पाय ओढत जवळ आली. पोटरीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती. "म्याडम, झाडाखाली बसली की टोळीचा मुकादम त्यांना टोपली देतो. शेडात असली की कोणाला दिसत न्हाईत. परीक्षा होऊस्तोवर आतच घ्या."

सपनाने लेकरं परत शेडमध्ये नेली. मागच्या पत्र्यापासून मात्र सगळ्यांना पुढे सरकवून बसवलं. त्या दिवशी तिने नवा धडा घेतला नाही. जुनेच शब्द पुन्हा विचारले आणि कोमल सोडून सगळे चुकले.

शुक्रवारी रात्री बारीक पाऊस आला. फार नाही; धूळ दबली आणि वाटा निसरड्या झाल्या. सकाळी ढग तसेच होते, पण वाळवणावरची ताडपत्री काढली होती. आदल्या दिवशीची हळद ड्रममधून काढून झाकली होती. ड्रम रिकामे, त्यांत पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून झाकणं लावून कसलेली. नवा माल ट्रॅक्टरने यायचा होता.

ट्रॅक्टर ओढ्याच्या उतारावर फसला. निरोप आला तसा प्रेमानंद आणि बाकीचे गडी दोर, फावडी घेऊन तिकडे गेले. जाताना प्रेमानंद म्हणाला, "बाबा, मी येईस्तोवर जाळ बारीक ठेवा. चाव्या सगळ्या बंद हायेत."

तो गेल्यावर विजयकुमार आला.

"जाळ कमी करू नको ग्यानोबा. माल आला की लगेच वाफ पाहिजे. आभाळ फुटायच्या आत दोन घाणे निघाले पाहिजेत."

ग्यानोबाने बाभळीची लाकडं घातली.

शेडमध्ये सपना शन हा शेवट शिकवत होती. पत्र्यावर तिने दोन रकाने केले होते, टी-आय-ओ-एन आणि एस-आय-ओ-एन.

"इथं थोडा तरी नियम आहे. मूळ शब्दाच्या शेवटी टी असला तर बहुतेक वेळा पहिला शेवट. कनेक्ट, कनेक्शन. इलेक्ट, इलेक्शन. शेवटी डी असला तर दुसरा. एक्स्टेंड, एक्स्टेन्शन. तुम्हाला माहीत असलेले शब्द सांगा."

"स्टेशन."

"पहिला."

"राशन," एक पोरगी म्हणाली.

"तोही पहिला."

"टेन्शन," खेमा म्हणाला. "माझ्या मायला हाय."

"दुसरा. पेन्शनही दुसरा."

"ते न्हाई तिला," खेमा म्हणाला, आणि सगळी हसली.

कोमल हसली नाही. ती मागे वळून पत्र्याकडे बघत होती. "म्याडम, पत्रा चटके देऊन राहिला."

"तू मागे का बसलीस?"

"न्हाई बसले. बांगडी लागली नुसती."

सपनाने पत्र्याजवळ तळहात नेला. हात टेकवायच्या आधीच तिने तो मागे घेतला. मग तिने ऐकलं. पलीकडे भट्टीत लाकडं तडतडत होती. ड्रममध्ये वाफ जाताना येणारा सूं आवाज नव्हता. शिट्टी नव्हती. फक्त कुठेतरी एक बारीक, उंच स्वर होता, कानाशी डास यावा तसा, आणि तो थांबत नव्हता.

ती बाहेर आली आणि शेडला वळसा घालून टाकीच्या बाजूला गेली. घड्याळाचा काटा लाल रेघेच्या बऱ्याच अलीकडे उभा होता. भट्टी तोंडापर्यंत भरलेली, जाळ निळसर पांढरा, आणि काटा हलत नव्हता. तिने पाहिलं, श्वास सोडला, पुन्हा पाहिलं. तो अजिबात हलत नव्हता. दांड्यावरचे दोन्ही दगड तारेत घट्ट होते. झाकणाच्या कडेचं लिंपण वरपासून खालपर्यंत पडून गेलं होतं आणि एका बोल्टाखालून वाफ येत होती. तिथे ती दिसतही नव्हती. वीतभर पुढे गेल्यावर पांढरी व्हायची. तो स्वर तिथून येत होता.

ड्रमला पाठ टेकून कमलबाई आणि निर्मलाबाई बारदानाची तोंडं शिवत बसल्या होत्या. निर्मलाबाईने भाजलेला पाय लांब सोडला होता.

सपना शेडमध्ये परतली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"कोमल, सगळ्यांना घेऊन कालव्यावर जा. वाळवणावरून सरळ. हळदीवर पाय पडला तर पडू दे. भराव ओलांडून पलीकडच्या उतारावर बसायचं, आणि मी आल्याशिवाय कोणी वर यायचं नाही."

"दप्तरं?"

"राहू दे."

कोमलने तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि खेमाचा दंड धरून त्याला उठवलं. लेकरं पिवळ्या हळदीवरून धावत गेली. हळकुंडं त्यांच्या पायांखाली कडकडली.

"अरे, अरे, कोण हाय रे ते," विजयकुमार वाळवणाकडे निघाला.

सपना ड्रमपाशी गेली. "आत्या, उठा. निर्मलाबाई, उठा. सुया तिथंच टाका. कालव्याकडं चला."

"काय झालं?"

"नंतर सांगते. उठा."

कमलबाईने सुनेचा हात पाहिला. तो तिला उठवायला पुढे केलेला होता. ती तो धरून उठली, निर्मलाबाईच्या काखेत हात घातला आणि तिला घेऊन निघाली.

ग्यानोबा भट्टीपुढे उकिडवा बसला होता. अंगातला सदरा घामाने पाठीला चिकटला होता. हातात बाभळीचा ओंडका.

"मामा, लाकूड टाकू नका."

"मालक म्हणले..."

"टाकू नका."

त्याने ओंडका खाली ठेवला. सुनेने असा स्वर आजवर काढला नव्हता. तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला, आणि त्याचा चेहरा आधी लाल आणि मग लहान झाल्यासारखा दिसला.

विजयकुमार अर्ध्यातून परत फिरला होता. "म्याडम, लेकरं सगळ्या हळदीवरून गेली. कोणाला विचारून? माल येऊन राहिला, ग्यानोबा, जाळ काहून थांबला?"

"हिला दगड सलून राहिले, मालक," ग्यानोबा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "एवढंच ना? काढतो मी. घे, काढतो. पहिल्या दिवसापासून तेच हाय तिच्या पोटात."

त्याने शेडच्या पत्र्याला टेकवलेली काठी उचलली आणि टाकीला लावलेल्या शिडीकडे निघाला. सपनाला दिसलं, की तो वर चढेल, काठीने तार उचकटेल, दांडा एकदम सुटेल आणि जे काही आत साठलंय ते त्याच्या तोंडावर येईल. ती दोन पावलांत त्याच्यापुढे गेली आणि तिने सासऱ्याचा दंड धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच तिचा हात त्याला लागला होता. दंड हाडकुळा होता आणि फार गरम होता.

ग्यानोबा त्या हाताकडे बघत राहिला. ओढ्याकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. तो निघाला असावा. विजयकुमारने त्या दिशेला पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"सोडा त्याला, म्याडम. तुमचा वर्ग बघा तुमी. इथलं काम आमच्यात ठरतं."

सपनाने दंड सोडला नाही. तिने विजयकुमारकडे न बघता, सासऱ्याच्या तोंडाकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं,

"मामा, दगडाला हात लावायचा नाही. आधी जाळ बाहेर ओढायचा, आणि टाकी गार होईपर्यंत कोणी जवळ यायचं नाही. शिट्टी मोकळी झाल्याशिवाय हा बॉयलर आपण पेटवणार नाही. आणि मालकांना तो तसाच पेटवायचा असेल, तर आजपासून आपल्या घरातलं एकही माणूस इथं कामाला येणार नाही."